रंगाखाली अडकलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना कार्बनचा ब्रश आहे. ब्रश म्हटलं की तुम्हाला दात आठवतात, पण मला केस नाहीत. मी बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा. रबाळ्याच्या एका कारखान्यात, मोठ्या पंख्याच्या मोटरवर, पितळी घरात मला बसवलं.

मोटरचा दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. त्याच्यावर चुकार करंट साठतो. स्प्रिंग मला दांड्यावर रेटते आणि मी तो करंट जमिनीत सोडतो. नाहीतर तो बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याला खाऊन टाकतो. शेजारचं रबरी सील बेअरिंगचं ग्रीस माझ्यापर्यंत येऊ देत नाही. ते आपल्या कामात, मी माझ्या. मी रोज झिजायचो आणि हे कोणाच्या गावीही नसायचं.

फक्त खलीलभाई यायचे. ग्रीस घालणं त्यांचं काम. मोटर बंद असली की माझ्यावरची धूळ फुंकायचे आणि विचारायचे, "बरा हाय ना रे?" मला ते फार आवडायचं.

गेल्या खंडेनवमीला खलीलभाई रजेवर होते. सुपरवायझर बाबासोंनी पूजेसाठी हौसेने मोटर स्वतः रंगवली. हिरवागार ऑइलपेंट! त्यांचा हात माझ्यावरूनही फिरला. वर झेंडूचा हार घातला, सगळ्यांनी वाहवा केली. रंग वाळला तसा मी घरातच चिकटलो, स्प्रिंगला मला रेटता येईना आणि झिजलो तसा दांड्याला टेकेनासा झालो.

दोन महिन्यांत बेअरिंग गेलं. मालकांसमोर बाबासो म्हणाले, "खलील ग्रीस घालायला चुकला असंल."

"बारा वर्षांत एक दिवस चुकलो नाय, साहेब."

कोणी ऐकलं नाही. खलीलभाईंना काढलं. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसा? इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

नवा माणूस मोजून ग्रीस घालायचा, तरी नवं बसवलेलं बेअरिंगही गेलं. तेव्हा बाबासोंनी मोटर उघडून तपासली आणि मला नखाने खरवडलं. हिरवं सालपट निघालं. मला हलवून पाहिलं, मी हलेना.  मग त्यांनी फोन लावला.

"खलीलभाई, तुमचं ग्रीस बरोबर हुतं. रंग म्या मारला. परत या."

"मी आता महापेला कामाला लागलो, साहेब. हे मालकांसमोर बोला. तिथंच बोलला होतात."

बाबासो त्याच पावली मालकांकडे गेले आणि सगळं बोलले. पण खलीलभाई आले नाहीत.

माझ्यावरचा रंग काढला, आता मी पुन्हा दांड्याला टेकतो. मित्रांनो, यंत्रं हौसेने रंगवा, पण काय झाकलं जातंय ते बघा. आणि माणसाला दोष देण्याआधी यंत्र उघडून पाहा. बेअरिंग बाजारात मिळतं, मीही मिळतो. मला खलीलभाई हवे होते.