लाल ठिपक्याचं बटण

ताईच्या डाव्या मनगटावर अर्धगोल व्रण आहे. कोणी विचारलं की ती म्हणते, लहानपणी कुत्रा चावला.

माणूस बोलतो तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या आवाजाचे डोंगर दिसतात. गप्प बसला की सपाट रेघ.

आमच्या घरात नेहमी नको तो साबण येतो. दुकानात मी बोटाने दाखवते आणि दुकानदाराचा हात शेजारच्या वडीवर पडतो.

ऑफिसच्या लिफ्टमधला आरसा काढून टाकला. लोक उतरायला वेळ लावत होते.

कीपॅडच्या एका बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. नेलपॉलिश ताईचं.

तुकडे पुरेत. आता जोडते.

आमचं ऑफिस कंपन्यांसाठी शिकवणीचे व्हिडिओ बनवतं. खोकं उचलताना गुडघे कसे वाकवावेत, आग लागली तर कुठल्या दाराने पळावं. कॅमेऱ्यासमोर उभी केलेली माणसं बोलता बोलता थांबतात, छताकडे बघतात, पुढचा शब्द शोधतात. ते थांबणं कापायचं काम माझं. सपाट रेघ शोधा, अलीकडे कापा, पलीकडे कापा, मधला तुकडा उडवा, मागचं पुढे ओढा. पुन्हा शोधा. मनगट सुजायला लागलं तेव्हा मी मॅक्रोचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. म्हणजे दहा बटणांचं काम एका बटणात कोंबायची सोय. शेजारी आकड्यांचा छोटा कीपॅड जोडला. लाल ठिपका दाबला की कॉम्प्युटर स्वतःच सपाट रेघ शोधतो, कापतो, उडवतो आणि पुढच्या रेघेकडे जातो. मी हातावर हात ठेवून बघत बसते.

आणि मी बोलताना अडते. शब्द पुन्हा पुन्हा म्हणत नाही. माझा शब्द घशाशी येऊन उभा राहतो आणि दार उघडत नाही. बाहेर काहीही ऐकू येत नाही.

म्हणजे सपाट रेघ.

साहेब म्हणाले, "बाकीच्या शाखांतल्या एडिटरांना हे बटण शिकवणारा व्हिडिओ करायचाय. तूच बोल."

"जि

जिराफला सांगा." जिराफ म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतला एडिटर. उंचीवरून नाव पडलं आणि त्याला ते आवडतं.

"जिराफ शिकवणार? त्याला फाइल सेव्ह करायची आठवण मी करून देतो! बटण तुझं आहे ना? मग तोंडही तुझंच."

छोट्या खोलीत पंखा बंद करून मी बोलले. जिराफ कॅमेऱ्यामागे उभा होता. पाठ घामाने भिजली, पण शेवटपर्यंत बोलले.

व्हिडिओ जिराफने कापला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जेवायला बसले असताना तो माझ्या फोनवर आला. ताईने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

*मी मॅक्रो वापरते कारण मला माझं मनगट वाचवायचंय.*

सटासट. एका दमात.

"अगं, ही तू?" ताई किंचाळलीच. "परत लाव. परत लाव ना!"

तिने तीनदा पाहिला. डोळे पुसले. डॉक्टरकडे, बँकेच्या फोनवर, सगळीकडे माझ्या वतीने ताई बोलत आली आहे. पार्लरमध्ये माझे केस किती कापायचे तेही तीच सांगते. माझा हात तोंडाशी असतानाच तिने व्हिडिओ दादाला आणि मावशीला पाठवून दिला. मावशीचं लगेच उत्तर: "गुण आला म्हणायचा एकदाचा! कोणते डॉक्टर?"

मी मात्र व्हिडिओतल्या त्या बाईकडे बघत होते. ती श्वास घेत नव्हती. दर थोड्या वेळाने तिची मान झटका देऊन दुसरीकडे जात होती, हात टेबलावरून एकदम हवेत. मी अडते तेव्हा डोळे मिटते. तिचे डोळे टक्क उघडे. माझ्याच बटणाने मला उडवलं होतं आणि उरलेली बाई सगळ्यांना आवडली होती.

सकाळी ऑफिसात गेले आणि एकेक रेघ परत ओढून काढायला बसले. जागा परत आणायचं बटण मी कधी केलंच नव्हतं. प्रत्येक तुकड्याची कड धरायची, ओढायची, सोडायची. मनगट ठणकत होतं. ठणकू दे.

जिराफ चहा घेऊन आला. पडद्याकडे बघून तिथेच थबकला.

"चुकलो का गं? मी सगळ्यांचं करतो तसंच केलं. ठिपका दाबला, झालं."

"तू खो

खोलीत उभा होतास. तुला लांब वाटलं?"

त्याने कप ठेवला, मान खाजवली. "खोलीत नाही वाटलं. खुर्चीत बसल्यावर वाटलं."

दुपारी साहेबांनी नवा व्हिडिओ पाहिला. पहिल्याच अडण्यापाशी त्यांनी माउस हलवला. मग वायर तपासली.

"अडकला वाटतं."

"व्हिडिओ नाही," जिराफ म्हणाला. "ती."

साहेबांनी सगळा पाहिला. खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"हे बघ, तुझ्यासाठीच सांगतोय. लोक हसतील."

"हसू दे. ते क

"

"ते कळणार नाही मला, असंच ना?"

"नाही. ते क

कापू नका म्हणजे झालं."

"लोक उठून जातील!"

"जाऊ दे."

"अगं, बटण कोणी केलं? तूच ना? इतकी वर्षं दुसऱ्यांचं थांबणं कापताना तुला काही वाटलं नाही?"

हा प्रश्न बरोबर लागला. मी अडले. या वेळी शब्दामुळे नाही. साहेब वाट बघत होते. पहिल्यांदाच त्यांना माझ्या जागी शब्द सापडत नव्हता.

"वाटायला हवं होतं," मी म्हणाले. "म्हणून आता माझं

पण कापू? एक तर व्हिडिओ असाच जाईल, नाहीतर मी त्यात नाही. जिराफला उभा करा."

"मला नका उभं करू," जिराफ घाईने म्हणाला. "मी फ्रेममध्ये मावत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. "बरं. निदान सुरुवातीला एक पाटी टाक. 'व्हिडिओत तांत्रिक बिघाड नाही.'"

"नको."

"मग लोकांना अडकल्यासारखा वाटेल!"

"वाटलं तर वा

वाट बघतील."

ते उठले. "पाठव. पण तक्रार आली तर फोन तू घ्यायचास."

"घेईन," मी म्हणाले, आणि व्हिडिओ सगळ्या शाखांना पाठवला. मॅक्रो न वापरता. बोटाने.

रात्री तोच व्हिडिओ ताईसमोर लावला.

"हे काय गं?" तिचा चेहरा उतरला. "कालचा किती छान होता! आता मावशीला काय सांगू?"

"काही सांगू नको. हा पाठव."

"तुला कळतंय का, लोक किती..."

"ताई. बघ."

*मी म*

ताईचे ओठ हलले. मी तिचं मनगट धरलं, व्रण होता तिथेच. ती माझ्याकडे बघायला लागली. मी पडद्याकडे बोट केलं. तिथे मी डोळे मिटून बसले होते.

ताईने ओठ मिटले.

*मॅक्रो वापरते.*

व्हिडिओ संपेपर्यंत तिने हात सोडवून घेतला नाही. मग फोन उचलला आणि तो व्हिडिओ मावशीला पाठवला, खाली काहीही न लिहिता.

ताईच्या मनगटावरचे ते दात कुत्र्याचे नव्हते. बागेबाहेर फुगेवाल्याने मला विचारलं होतं, कोणता हवा? मी तोंड उघडून उभी होते. ताई म्हणाली, "तिला लाल." मला निळा हवा होता.