चार मिलिमीटर कुणाचे?

मी बेळगावातला एक संगणक बोलतोय. थट्टा समजू नका. एके काळी अख्खा सह्याद्री माझ्या पोटात होता. आंबोलीपासून निपाणीच्या टेकड्यांपर्यंत सगळे डोंगर मी गिळले आणि साधा ढेकरही दिला नाही. आता मात्र त्या दिवसांची आठवण निघाली, की कुठं तोंड लपवू असं होतं.

मी आलो त्र्याऐंशी साली, लाकडी खोक्यातून. खडेबाजारातून माझी गाडी निघाली तेव्हा लोकांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं कपाट चाललंय. इथल्या हवामान संस्थेत मला खास गार खोली मिळाली. साहेब लोक बाहेर घाम पुसत बसायचे आणि माझ्याकडं यायचं तर दारात चपला काढून. एवढा मान मिळाल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. मला तर डोक्यावाचून दुसरा अवयवच नव्हता.

संस्थेचे प्रमुख केशव सर. त्यांना हिवाळ्यात डोंगरावर येणाऱ्या ढगांतून शाळूसाठी जास्तीचा पाऊस काढायचा होता. त्यासाठी निपाणीजवळच्या एका माथ्यावर मोठी शेगडी बसवली होती. तिच्यात औषध जाळलं, की धूर ढगात शिरायचा. पण ढग आपणहूनही बरसतोच. मग धुराचा पाऊस कुठला आणि देवाचा कुठला? तिथं मी लागायचो. सरांच्या हाताखालच्या नीलाताई मला वारा, दमटपणा, डोंगरांची उंची भरवायच्या. धूर नसता तर किती पडला असता, ते मी सांगायचो. पडलेल्या पावसातून तेवढा वजा केला, की उरेल तो धुराचा.

शेगडी पेटवायला डोंगराखालच्या गावचा मायाप्पा होता. पुढच्या वर्षी कायम करू, असं सरांनी त्याला सांगितलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, ऐन तंबाखू कापून वावरात वाळत पडलेली असताना, पाऊस आला. पानांचा चीक धुऊन गेला, माल मातीमोल झाला. सगळ्यात जास्त तंबाखू भिजली ती मायाप्पाच्या थोरल्या बहिणीची, कोंडाबाईची. गाव म्हणालं, ह्यानंच धूर करून पाऊस पाडला. बहिणीनं भावाला उंबऱ्यावरनं परत फिरवलं. आणि खरंखोटं करायला एक दिवस ती थेट माझ्या खोलीत आली. मायाप्पा मान खाली घालून मागं उभा.

"ह्यो व्हय तुमचा शाणा?" तिनं मला वरखाली न्याहाळलं. "तोंड कुठाय ह्याला?"

"तो कागदावर बोलतो, मावशी," नीलाताई म्हणाल्या.

"मग इचारा. पाऊस माझ्या भावानं पाडला, का आपसूक आलता?"

मी खडखडलो. धुराविना दहा मिलिमीटर. पडले चौदा. धुराचे चार. कुणी मागितले नव्हते, तरी दशांशाचे आकडेही छापले. रुबाब होता तेवढा!

"चार मिलिमीटर!" सरांनी टाळी वाजवली. "मायाप्पा, कमाल केलीस तू!"

कोंडाबाई वळली. "ऐकलंस न्हवं? सख्ख्या बहिणीच्या वावरात पाणी वतलंस. आजपास्नं तुला आक्का न्हाय."

मायाप्पानं मान वर केली. "आक्का, शेगडी मी पेटवलीच न्हवती गं."

सर त्याच्याकडं वळले, पण तो बहिणीशीच बोलत होता.

"तुझी तंबाखू खाली पसरलीया, आन् मी वर बसून धूर करू? सायबास्नी पेटवली म्हणून सांगितलं."

"मग इतकं दिस तोंडात काय धरलंतंस रं?"

"नोकरी गेली असती."

"आन् मी गेलेली चालत हुती व्हय, मुडद्या?"

सरांनी मायाप्पाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो तसाच उभा राहिला. कोंडाबाईनं त्याचा दंड धरला. "चल. सकाळपास्नं काय खाल्लंयस का न्हाय?"

ती दोघं गेली. नीलाताई मात्र कागदाकडंच बघत होत्या. "सर, धूर नव्हताच. मग हे चार मिलिमीटर कुणाचे?"

माझे होते. डोंगर गिळले म्हणालो खरा, पण गिळताना ते मी चावून गुळगुळीत केले होते. सुळके, घळी, खिंडी माझ्या पोटात मावल्याच नाहीत. खरा ढग जिथं अडून बरसतो, तिथनं माझा ढग घसरून पुढं जायचा. पाऊस मी कमी धरायचो आणि माझी चूक धुराच्या नावावर चढायची. शेगडी खरंच पेटली त्या दिवशीही हेच होत असणार. किती, ते मलाही ठाऊक नाही.

सरांनी कागद दुमडला. मग म्हणाले, "तो दिवस गाळा. बाकीचे आहेत तसे छापा."

"पण सर, बाकीच्यांतही..."

"छापा, नीला."

मी छापले. एक अक्षर अडखळलं नाही. खोटं बोलला म्हणून मायाप्पा घरी बसला. मला त्या खंडेनवमीला झेंडूचा हार घातला. त्या फुलांचा वास मला अजून सोसत नाही.

आता माझ्या जागी नवं, लहानसं यंत्र आलंय. मी पलीकडं अडगळीत. तेही डोंगर गिळतंय, भिंतीतून ऐकू येतं. बाबांनो, त्याच्यापुढं हात जोडण्याआधी एवढं करा. एक दिवस शेगडी थंड ठेवा, त्याला काही सांगू नका आणि विचारा, आज धुरानं किती पाऊस पडला?

ते शून्य म्हणालं, तर खुशाल विश्वास ठेवा. मला म्हणता आलं नाही.