ढिगावरचा भंडारा

गेल्या वर्षी माझा अर्धा एकर टोमॅटो लावणीनंतर पस्तिसाव्या दिवशी मेला. सकाळी हिरवागार होता, दुपारी मान टाकली. मर रोग. यंदाही मेला तर मी कुपवाडला कारखान्यात जायचं, असं घरात ठरलं. चुलतभावानं तिथं माझ्या मापाचं हेल्मेटसुद्धा बघून ठेवलं.

म्हणून आटपाडीच्या दुकानदाराचं, वीरधवलचं ऐकून ट्रायकोडर्माचं पाकीट आणलं. ही चांगली बुरशी; मातीतल्या वाईट बुरशीला खाते. कुजलेल्या लेंडीखतात कालवली, गुळाचं पाणी शिंपडलं, लिंबाच्या सावलीत ढीग करून ओलं पोतं टाकलं. सारखं उघडायचं नाही, असं वीरधवल म्हणाला. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पोतं उचललं.

"खुडूक कोंबडी बी एवढी उठबस करत न्हाई, बिरदेवा," आई म्हणाली. तिनं जन्मभर मेंढरं राखली. जे चरत नाही त्याच्यावर जीव लावणं तिला पटत नाही.

आठव्या दिवशी पोत्याखाली पांढरी जाळी दिसली, वर हिरवी झाक. "आये, जगली!" असं ओरडून मी जेवायला बसलो. तिथं चुकलं. आमच्यात नवा जीव आला की त्याच्यावर भंडारा उधळतात. कोकरू असो, सून असो, मोटरसायकल असो.

भाकरी संपवून गेलो तर ढीग पिवळाजर्द.

"आये, हे काय?"

"बिरोबाचा भंडारा. जगू दे म्हणलं."

"अगं, हळदीनं बुरशी मरती!"

"ती कालवणातल्या हळदीनं. ही देवाची हाय."

मी वीरधवलला फोन लावला.

"हळद किती पडली?"

"श्रद्धेनं पडली."

"श्रद्धेनं म्हंजे किती, गड्या?"

"दोन ओंजळी."

"वरचा थर खरवड. वाचली तर तीन दिसांत परत हिरवी दिसंल."

खरवडायला बसलो तर आई आडवी. भंडारा उकिरड्यावर टाकायचा नसतो, कपाळाला लावायचा असतो.

"ह्यात लेंड्या हायत की गं."

"मग? आपल्याच मेंढरांच्या हायत."

घमेलंभर भंडारा सगळ्या मेंढरांच्या कपाळाला लावला. त्यांनी आपला माल ओळखला असावा. कुणी तक्रार केली नाही. उरलेला मला.

मग तीन दिवस. पोतं उचलायची छाती होत नव्हती आणि बसवतही नव्हतं. रोपवाटिकेचा फोन यायचा, "रोपं कवा नेताय?" मी "उद्या" म्हणायचो. लिंबाभोवती माझ्या फेऱ्यांनी पायवाट पडली. दुसऱ्या दिवशी मेंढरंही तिच्यावरून फिरायला लागली.

तिसऱ्या दिवशी आईनंच पोतं उचललं. ढीग हिरवा झाला होता. "बघ," ती म्हणाली आणि तिचा हात कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडे गेला. मी मधे घुसून कपाळ पुढं केलं. "इथं लाव."

पुढं हेच चाललं. खत खड्ड्यांत घातलं, रोपं लावली, ठिबक सोडलं. प्रत्येक वेळी पिशवी आणि रान यांच्यामध्ये माझं कपाळ. आटपाडीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला देवऋषी समजून पोराच्या लग्नाचं विचारलं. मी म्हणालो, "ओल टिकवा." तो पाया पडून गेला.

पस्तिसावा दिवस. सकाळी टोमॅटो हिरवा. मी बांधावर. दुपारी हिरवा. मी या बांधावरून त्या बांधावर. दिवस कलला तरी एकाही झाडानं मान टाकली नाही. पण वरून हिरवं असेल, खाली काय चाललंय कुणी बघितलंय? मी वाकलो आणि एक झाड उपटलं. मुळं पांढरीशुभ्र, दाट.

"मेलं व्हय?" मागून आई.

"न्हाई. लय चांगलं हाय."

"मग उपटलंस कशाला, लेका?"

तिनं झाड माझ्या हातातून काढून घेतलं, परत खड्ड्यात ठेवलं, माती दाबली, तांब्यातलं पाणी घातलं. मग तिचा हात पिशवीकडे गेला.

ह्या एका झाडाला मी मधे आलो नाही.