आठ आकड्यांची खुशाली

बायको, पद्मजा, गेल्यावर आमच्या उन्मेषनं टोरांटोहून रोज फोन करून मला छळायला सुरुवात केली. अप्पा, गोळी घेतली का? जेवलात का? झोप लागली का? एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस मी, आणि पोरगं माझी हजेरी घेतंय! एक दिवस वैतागून म्हणालो, "बाबा रे, रोज सकाळी तुला आठ आकडे पाठवत जाईन. त्यात सगळं आलं. उगाच फोन करू नकोस."

सात गोष्टी ठरल्या. सकाळची गोळी, दूध, फिरणं, आंघोळ, जेवण, रात्रीची गोळी, झोप. आदल्या दिवशी झालं असेल तर एक, नसेल तर शून्य. आठवा आकडा पॅरिटीचा. म्हणजे असं, की आठांत मिळून जेवढे एक असतील त्यांची संख्या सम भरली पाहिजे. सातांत ती विषम असली तर शेवटी एक लावायचा, सम असली तर शून्य. चष्म्याशिवाय टाइप करताना माझा एखादा आकडा चुकला, की पलीकडे संख्या विषम भरणार आणि चूक उघडी पडणार. मग उन्मेषनं पुन्हा मागवायचं.

"विषम ठेवूया, अप्पा," तो म्हणाला होता. "सम ठेवलं तर सगळी शून्यं आली तरी बरोबरच दिसतं."

हे मीच त्याला शिकवलेलं. पण हट्ट सोडेन तर मी कसला! "सगळी शून्यं यायला मी काय मेलोय? सम ठेव. या घरात तुझ्या आईनं सगळं जोडीनंच मांडलंय." दोन पाट, दोन तांबे, गॅलरीत दोन खुर्च्या.

पहिल्याच महिन्यात एकदा खरोखर अंगठा घसरला. पाच मिनिटांत फोन. "अप्पा, चुकलंय, पुन्हा पाठवा." आणि मग वीस मिनिटं तो आई पांढऱ्या रश्शात खसखस किती घालायची, हेच विचारत बसला. फोन ठेवल्यावर मी एकटाच हसत होतो.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम चुकवलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. जन्मभर चुका पकडायला शिकवल्या, आणि आता पकडलं जावं म्हणून चुका करायच्या! पण दर गुरुवारी मंगळवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत वीस मिनिटं कुणीतरी बोलायचं. तेवढ्यावर मी उरलेला आठवडा रेटायचो.

दिवाळीनंतर फोन येणं बंद झालं. चुकवलं की तीन सेकंदांत मेसेज यायचा, "अप्पा, पुन्हा पाठवा." बरोबर असलं की, "ठीक आहे, अप्पा." एका सकाळी मी ओळीनं पाच वेळा चुकवून पाहिलं. पाचही वेळा तेच वाक्य, तितक्याच वेळात. पोरानं प्रोग्रॅम लिहिला होता. नेटका लिहिला होता, वर्गात असता तर दहापैकी दहा दिले असते. पण मला फार लागलं. आणि बोलणार कुठल्या तोंडानं? फोन करू नकोस म्हणणारा मीच.

गेल्या बुधवारी पहाटे मी बाथरूममध्ये घसरलो. उजवं मनगट टम्म सुजलं. कंबर इतकी धरली, की पलंगापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. भाकरी करायला येणाऱ्या शालूबाई लग्नासाठी आजऱ्याला गेल्या होत्या. आठ वाजता मंगळवारचे आकडे तेवढे पाठवले आणि दिवसभर तसाच पडून राहिलो. रात्रही डोळे उघडे ठेवूनच काढली.

गुरुवारी आठ वाजता डाव्या हातानं खरं तेच लिहिलं. गोळी नाही, दूध नाही, काहीच नाही. सात शून्यं. त्यांत एकही एक नाही, म्हणून आठवंही शून्य.

तीन सेकंदांत उत्तर आलं. "ठीक आहे, अप्पा."

थोड्या वेळानं शालूबाई आल्या. त्यांच्याजवळच्या किल्लीनं त्यांनी दार उघडलं आणि मला बघून ओरडल्याच. "अगं बया! हे काय करून घेतलंसा? पोराला कळवलंय का न्हाय?"

"कळवलंय."

"मग काय म्हनला?"

"ठीक आहे म्हणाला."

त्यांनी कमरेवर हात ठेवला. "आसं कसं म्हनंल ओ त्यो? नीट सांगितलं नसंल तुमी. पडलो म्हनून सरळ लिवा की!"

फोन लावला असता तर मला रडूच फुटलं असतं. म्हणून एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'उन्मेष, मी पडलो. हात मोडलाय बहुतेक. तुझा आवाज ऐकायचाय.' दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला आकड्यांऐवजी शब्द पाठवत होतो.

तीन सेकंद.

"आलं का उत्तर?" शालूबाईंनी वाकून विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

"आलं. अप्पा, पुन्हा पाठवा, म्हणतोय."

"मग पाठवा की! लेकरू इचारतंय न्हवं!" त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि दूध तापवायला आत गेल्या.

मी तेच शब्द पुन्हा पाठवले.