मशीन थांबेपर्यंत

बेलीफने मशीनच्या गोल काचेवर तळहात टेकवला आणि चटका बसल्याबरोबर काढून घेतला. आत पांढऱ्या चादरींचा ढीग फेसातून वर जायचा, क्षणभर तिथेच अडकायचा आणि धपकन खाली पडायचा.

“बंद करा हे,” तो म्हणाला.

“मधेच बंद होत नाही,” मालकीण म्हणाली. “सगळं पाणी निघून गेल्याशिवाय दारच उघडत नाही.”

“चालू मशीनला सील कसं लावणार, बाई?”

“मग बंद झाल्यावर लावा. आतल्या चादरी प्रसूतिगृहाच्या आहेत, तेवढं बघा म्हणजे झालं.”

बेलीफने हातातला कोर्टाचा हुकूम पुन्हा वाचला. त्यात मशीन होतं, चादरी नव्हत्या. दुसऱ्याचा माल जप्तीत अडकवला की पुढे काय काय निस्तरावं लागतं हे त्याने कधीतरी भोगलेलं असावं. त्याने लाखेची कांडी आणि काड्यापेटी निमूटपणे पिशवीत परत टाकली, प्लास्टिकचं एक क्रेट ओढलं आणि त्यावर बैठक मारली.

“थांबू या,” तो म्हणाला.

“काका, तुम्हाला खुर्ची देऊ?” मालकिणीने विचारलं.

हे ‘काका’ म्हणजे वादी. तिच्या वडिलांचे जुने मित्र, पेशाने इंजिनियर. या धुलाईकेंद्राचा, म्हणजे मशीन कुठे बसवायचं, वाफेचे पाइप कसे फिरवायचे, पाण्याच्या नाल्या कुठून काढायच्या याचा सगळा नकाशा त्यांनीच केला होता. करारात ठरलेल्या फीपैकी अर्धी मिळाली होती आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी दावा लावला होता. ज्या बाईवर दावा लावला तिने ‘काका’ म्हणणं सोडलं असतं तर इंजिनियरसाहेबांना बरं वाटलं असतं. पण ती कोर्टातही काका म्हणाली होती, आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “उभा आहे तो बरा आहे.”

खरं तर उजवा गुडघा ठणकत होता. पण जप्तीला यायचं आणि वर त्याच घरची खुर्ची घ्यायची, हे त्यांना पटेना. ते मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागणार होता. हे मशीन आधीच अडकवून ठेवायची कल्पना त्यांच्या जावयाची. जावई वकील, त्यामुळे सल्ला फुकट आणि भरपूर. “निकालाआधी जप्ती हवी असेल तर एक ओळ लागते, बाबा,” तो म्हणाला होता. “प्रतिवादी मालमत्ता हलवण्याच्या बेतात आहे, एवढीच. त्या ओळीशिवाय कोर्ट ढिम्म हलत नाही. तुम्ही तसं काही पाहिलंय का?”

त्यांनी पाहिलं होतं. रस्त्यावरून जाताना गाडीतून त्यांना दिसलं, की दाराशी टेम्पो उभा आहे, मोठ्या मशीनचे बोल्ट काढलेत, दोरखंड बांधलेत आणि चार माणसं ‘हां, हां’ करत ते उचलताहेत. गाडी थांबवायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी शपथेवर तसं लिहून दिलं, कोर्टाने हुकूम दिला. मालकिणीला तेवढ्याच किमतीचं तारण भरून जप्ती टाळता आली असती. पण तारण भरण्याइतकं काही तिच्याकडे असतं तर ती दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धूत बसली नसती.

आणि आता मशीन जागेवरच होतं. आत शिरताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की पूर्वीपेक्षा ते थोडं उंच दिसतंय. कसं काय, हा प्रश्न मात्र त्यांनी मनात फार वेळ राहू दिला नाही.

लांब टेबलाशी तीन बायका उंच स्टुलांवर बसून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोघी टोकं धरायच्या, झटका द्यायच्या, टोकाला टोक जुळवायच्या. तिसरी, जिला सगळे मावशी म्हणत, ती हाताने घडी दाबून चळतीवर ठेवायची. बेलीफ त्यांच्याकडे पाहत होता. माणूस बोलका होता, आणि थांबणं म्हणजे त्याच्या दृष्टीने गप्पा.

“रोज येतात या चादरी?”

“दोनदा येतात,” मावशी म्हणाली. “पोरं काय वेळ बघून जन्माला येतात होय?”

“आणि हे मशीन बंद पडलं तर?”

“तर काय. धाकटं मशीन आहे तिकडे, त्यात टॉवेल मावतात. चादरी गेल्या की प्रसूतिगृह गेलं. आणि ते गेलं की…” तिने घडी दाबली. “आम्हाला घरी बसून आमचंच धुणं धुवायचं.”

टोकं धरणारी एक जण हसली आणि मालकिणीकडे पाहून गप्प झाली. मालकीण दाराशी उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, की संध्याकाळची गाडी पाठवा, पण पाठवण्याआधी मला एकदा विचारा. तिचा आवाज सरळ होता. फोन ठेवल्यावर मात्र तो ओढणीच्या टोकाने उगाचच पुसत राहिली.

बेलीफने हुकूम मांडीवर पसरला. “यात लिहिलंय, की मशीन उचलून नेणार होते.”

“उचललं की,” मावशी म्हणाली. “आम्ही इथेच होतो. पण नेलं कुठे? वर नेलं, वीतभर. खाली बघा ना, ठोकळे दिसत नाहीत का? टेम्पो भरून आणले.”

“वर कशाला?”

“मोटरीत पाणी शिरायचं म्हणून.”

बेलीफने वाकून पाहिलं. मशीनच्या चारही पायांखाली सिमेंटचे ठोकळे होते. त्याने मान वर करून इंजिनियरसाहेबांकडे पाहिलं. पाहण्यात काही आरोप नव्हता, आपल्याला काय करायचंय असाच भाव होता. इंजिनियरसाहेबांनी घड्याळात पाहिलं.

पाणी शिरतं, हे मालकीण त्यांना फोनवर म्हणाली होती. एकदा नाही, बरेचदा. “काका, एकदा येऊन बघा ना, पाणी मागे येतंय.” त्यांनी सांगितलं होतं, आधी हिशेब पुरा कर, मग येतो. त्यांच्या उभ्या आयुष्यात एकही गिऱ्हाईक असं भेटलं नव्हतं ज्याला बिल हातात पडल्याबरोबर कामात खोट सापडली नाही. कुणाला जिना अरुंद वाटे, कुणाला खिडकी. मित्राची मुलगी झाली म्हणून काय झालं, तीही गिऱ्हाईकच. इतकं सरळ गणित होतं ते.

मशीनचा आवाज बदलला. घुसळण थांबली, आत कुठेतरी झडप उघडल्याचा खट्‌ असा आवाज झाला आणि मागच्या जाड पाइपातून साबणाचं करडं पाणी फरशीतल्या नालीत कोसळायला लागलं.

त्या क्षणी तिन्ही बायकांनी पाय उचलून टेबलाखालच्या आडव्या दांडीवर ठेवले. हातातली चादर थांबली नाही, बोलणं थांबलं नाही. मावशी शेजारणीला तिच्या सुनेबद्दल काही विचारत होती, ते वाक्य तिने पाय वर घेता घेताच पुरं केलं. मालकीण दाराच्या पायरीवर चढली. बेलीफ सरकारी नोकरीत मुरलेला माणूस. कारण कळण्याआधी चौघांचं बघून त्यानेही तळवे उचलले आणि पिशवी छातीशी धरली.

इंजिनियरसाहेब पाण्याकडे पाहत राहिले. नाली भरली. पाणी दाराकडच्या जाळीकडे जायला हवं होतं. ते थोडं तिकडे गेलं, थबकलं, आणि मग सावकाश, अंगवळणी पडलेल्या वाटेने मागच्या भिंतीकडे परत निघालं. काठावरून फरशीवर पसरलं. ठोकळ्यांना वळसा घालून थेट त्यांच्यापर्यंत आलं आणि दोन्ही बुटांत शिरलं.

पाणी कोमट होतं. आधी त्यांना राग आला, बूट नवे होते म्हणून. मग त्यांना तो जुना नकाशा आठवला. आधीच्या भाडेकरूने ठेवलेला, नीटनेटका, त्यावर फरशीची पातळी लिहिलेली. त्यात मागची बाजू उंच होती. इंजिनियरने कागदावर विश्वास ठेवायचा नसतो, जागेवर पाणसळ लावून उतार तपासायचा असतो, हे त्यांनी हाताखालच्या कितीतरी पोरांना ओरडून सांगितलेलं. पण पाणसळ लावायची तर खाली बसायला लागतं, आणि त्या दिवशी गुडघा धरला होता. त्यांनी नकाशातला आकडा तसाच उचलला. मधल्या काळात कुणीतरी फरशी नव्याने घातली असणार. आता मागची बाजूच खोल होती आणि त्यांची नाली इमानेइतबारे सगळं पाणी तिकडे आणत होती.

त्यांना लाज वाटली. चारचौघांत पँटची शिवण उसवावी तशी सपशेल लाज. आणि त्या लाजेच्या पाठोपाठ एक विचार आला, जो त्यांना स्वतःलाही आवडला नाही. सील लागलं की मशीन बंद. मशीन बंद म्हणजे पाणी नाही. पाणी नसेल तर उतार कोण तपासणार? कोर्टात ही म्हणेल पाणी येतं, आपण म्हणू नाही येत, आणि दाखवायला कोरडीठाक फरशी.

पाणी हळूहळू ओसरलं. मावशीने पाय खाली घेतले, खराटा उचलला आणि उरलेलं पाणी जाळीकडे ढकललं. हेही तिच्या रोजच्या कामातलंच दिसलं. त्यांच्या पायांपाशी आल्यावर ती थांबली.

“जरा सरकता का, साहेब?”

ते सरकले. बुटांतून पचपच आवाज आला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मशीन गरगरलं, मंदावलं, थांबलं. दार सुटलं. दोघी बायकांनी ओल्या चादरी टोपल्यात भरून बाजूला नेल्या. पुढच्या घाण्याच्या मळक्या चादरी बाजूलाच ढीग करून ठेवल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. बेलीफ उठला, त्याने लाखेची कांडी काढली आणि मशीनवरचा क्रमांक हुकुमाशी ताडून पाहिला.

“दाखवा साहेब. वादीने दाखवायचं असतं. हेच ना?”

इंजिनियरसाहेबांनी घसा साफ केला. “समजा, आज जप्ती नको म्हटलं तर?”

बेलीफने कांडी खाली केली. “तुमची जप्ती, तुमची मर्जी. पण मला लेखी लागेल. कारणासकट. आणि दोघांच्या सह्या, नाहीतर वर मला विचारतील की बेलीफ चहा पिऊन परत का आला.”

“द्या कागद.”

त्यांनी मशीनच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. उभय पक्षांत समझोत्याची बोलणी चालू असल्याने आज जप्ती करू नये. खाली सही केली आणि कागद मालकिणीपुढे धरला. त्यांना हलकं वाटलं. कुणाचंच नाक कापलं जात नव्हतं. घरी जाऊन जावयाला काहीतरी सांगता येईल, फरशीचं मागाहून बघता येईल.

तिने कागद वाचला आणि परत दिला.

“बोलणी कुठे चालली आहेत, काका?”

“अगं, लिहायची पद्धत असते.”

“तुम्हाला मी किती वेळा फोन केला. त्याला बोलणी म्हणतात का? मी एकटीच बोलत होते.”

“आता सही कर, म्हणजे हे गृहस्थ जातील. तुझं मशीन चालू राहील.”

“आणि कोर्टात मी मशीन पळवणारीच राहीन.” तिचा आवाज आता पहिल्यांदा हलला. “माझ्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेलंय ते. प्रसूतिगृहातून विचारलं मला, बाई, तुम्ही धंदा बंद करून चालला आहात का? मी खोट्यावर सही करणार नाही. खरं काय ते लिहा, नाहीतर लावा सील.”

“ताई,” मावशी हळूच म्हणाली. “संध्याकाळची गाडी…”

“माहितीये मला.”

बेलीफने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काडी ओढू की नको, अशा विचारात त्याने काड्यापेटी अर्धवट उघडली. मालकीण हाताची घडी घालून उभी होती. नजर हटत नव्हती. तिचे वडील पत्त्यांत हरत आले की असेच बसायचे आणि डाव सोडायचे नाहीत.

इंजिनियरसाहेबांनी कागद पत्र्यावर परत ठेवला. लिहिलेलं खोडलं. एक रेघ पुरली असती, त्यांनी तीन मारल्या. मग बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं. खाली जे लिहिलं ते लहान अक्षरात आलं. त्याखाली पुन्हा सही केली.

बेलीफने कागद उचलून नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. वाचताना त्याचा आवाज यादी वाचावी तसा कोरडा होता.

“माझ्या नकाशातला उतार उलटा आहे. पाणी मोटरीत जात होतं म्हणून प्रतिवादीने मशीन उचलून ठोकळ्यांवर ठेवलं, बाहेर नेत नव्हते. मी नीट न बघता शपथेवर लिहिलं. जप्ती नको.” तो थांबला. “साहेब, हे कोर्टात जाणार. फी विसरा, वर उलट भरपाई मागतील. वकिलांना विचारून घेता का?”

“नको.”

“नक्की?”

“तुम्ही पाय उचलले होते,” इंजिनियरसाहेब म्हणाले. “वकिलांना आता काय विचारायचंय?”

बेलीफने खांदे उडवले आणि कागद मालकिणीकडे सरकवला. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खोडलेलंसुद्धा. सही केली. बेलीफने घडी घालून तो पिशवीत ठेवला, बायकांना मान लववली आणि फरशीवरचा ओला भाग टाळत बाहेर पडला.

आभार मानण्यासारखं काही झालेलं नव्हतं. इंजिनियरसाहेबांनी भिंतीशी ठेवलेली छत्री उचलली आणि ते दाराकडे निघाले.

“मावशी, घाणा टाका,” मालकीण म्हणाली.

मग तिने कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली, टेबलाच्या कोरड्या बाजूला मांडली आणि स्वतः समोरचं क्रेट ओढून बसली.

“बसा, काका,” ती म्हणाली. “आता बोलू.”