परत केलेला पोळपाट

कमळाकर रोह्याच्या रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून निवृत्तीनंतर पेन्शनरांचा वाढीचा अर्ज दर वेळी तेच लिहीत. पेन्शन कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टची. निवृत्त होताना जो आकडा ठरला, तोच मरेपर्यंत. वाढ द्यायची तर विश्वस्तांच्या मर्जीने, आणि ती मर्जी चौदा वर्षांत एकदाही झाली नव्हती.

यंदा फंडात शिल्लक असल्याचं अहवालातच छापून आलं. कमळाकरांनी लगेच गडब गावी शांतीला फोन लावला. "वहिनी, या वेळी होणारच. लिहून ठेवा."

शांती म्हणजे त्यांच्या शिफ्टमधल्या दिनानाथची बायको. तो गेल्यावर तिला निम्मी पेन्शन मिळू लागली. मग ती पेणच्या जनीकडून पोह्याचं पीठ आणि पोळपाट आणून मजुरीवर पापड लाटायला लागली. आता एकाहत्तरावं चालू होतं आणि उजवा अंगठा पार वाकडा झाला होता.

विश्वस्तांच्या बैठकीच्या दिवशी ती रोह्याच्या ऑफिसबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर साहेबांसाठी आणलेली पापडांची पिशवी.

"काल पोळपाट परत करून आले, भावोजी."

"कुणाला?"

"जनीला. तिचाच होता ना. म्हटलं, गो बाय, आता माझ्याच्यानं व्हायचं नाय, पेन्शन वाढतेय माझी. तर म्हणते कशी, मग काय म्हातारे, पलंगावर बसून खाणार! म्हटलं, व्हय, तुझेच पापड खाणार."

कमळाकर हसले, मग म्हणाले, "निकाल लागेपर्यंत थांबायचं होतं हो."

"तुमीच बोललात ना, होणारच?"

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. ट्रस्टचं काम बघणारा हरेश तरुण होता, सभ्य होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"काका, शिल्लक आहे, खोटं कशाला बोलू. पण सगळे विश्वस्त या जुन्या ठरावावर बोट ठेवतात." त्याने पिवळी पडलेली फाइल उघडून वाचलं, "वाढ ही विश्वस्तांची मर्जी, पेन्शनरांचा हक्क नव्हे. शिल्लक नोकरीत असलेल्यांसाठी राखावी."

कमळाकरांनी वाकून पाहिलं. मोत्यासारखं अक्षर. खाली कामगारांचा विश्वस्त म्हणून त्यांचीच सही.

दिनानाथ नुकताच निवृत्त झाला होता तेव्हा. वाढीचा पहिला अर्ज त्याचाच. कॅन्टीनमध्ये चहा पिताना नोकरीतले चौघे म्हणाले, आपला पैसा आपल्याला राहू दे, आपली वेळ येईल तेव्हा भरपूर असेल. कमळाकरांनाही ते पटलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"हे चुकलं होतं," ते म्हणाले. "मीच लिहिलंय हे. चुकलं होतं."

हरेशने मान खाली घातली. "असेल, काका. पण मतदान झालंय. आता तीन वर्षांनीच पुन्हा विषय येईल."

शांती उठली. पापडांची पिशवी उचलून ती बाहेर पडली.

एसटीत ती खिडकीशी बसली. नागोठणं गेलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "तेव्हा आमचे हे चार महिने तुमच्याकडं चकरा मारायचे. तुमी काय सांगायचात?"

"सांगायचो, बघतो."

"व्हय. घरी येऊन तेच सांगायचे मला. कमळाकर बघतोय."

कमळाकरांना माफी मागायची होती. पण कुणाची मागणार? ज्याची मागायची तो राहिला नव्हता, आणि जी होती तिला माफीने अंगठा सरळ करून मिळणार नव्हता.

गडब आलं. कंडक्टरने बेल मारली. शांती उठली नाही.

"वहिनी, गडब."

"पेणला उतरते." तिने पिशवीची गाठ घट्ट केली. "अंधार पडायच्या आत जनीकडं पोचलं पायजे. पोळपाट दुसरीला दिला नसंल अजून."

पेणच्या स्टँडवर कमळाकरांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती दुसऱ्या हातात घेतली, वाकड्या अंगठ्याच्या.

"ऱ्हाऊ दे, भावोजी. हलकी हाय."

ती पुढे निघाली. कमळाकर चार पावलं मागून चालत राहिले, जनीच्या दारापर्यंत. आत मात्र गेले नाहीत.