मीठ-साखरेचं पाणी

सुमतीबाई धरमपेठेत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि पेशीचं आवरण हा त्यांचा हातखंडा विषय होता. बटाटा कोरून त्यात साखर भरायची, तो पाण्यात ठेवायचा, आणि पाणी बटाट्याच्या भिंतीतून आत कसं शिरतं ते पोरींना तासभर दाखवायचं. शेवटच्या बाकावरच्या पोरीला समजेपर्यंत त्या फळा पुसत नसत. अशी बाई शेजारणीला मात्र एक मिनिट देऊ शकली नाही.

शेजार शहराच्या टोकाच्या हुडकेश्वरचा. तिथे तेव्हा नुकते प्लॉटांचे ले-आउट पडू लागले होते, घरं विरळ, विहीर सगळ्यांची एकच. एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात बाजूच्या मीराबाईंचे यजमान रुपराव गेले. घरात सुतक लागलं, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या नातीला, चौदा महिन्यांच्या कुंदाला, हगवण लागली. सून देवकी पोरीला कडेवर घेऊन धावत आली, तेव्हा सुमतीबाई पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. खाप्याला बहिणीकडे भाचीला पाहायला पाहुणे यायचे होते.

"घाबरू नकोस. मोठा गडवाभर पाणी उकळून थंड कर. त्यात तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर साखर घाल. घोट घोट पाजत राहा."

"मीठ तं समजलं, बाई. साखर काहून?"

काहून ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. शिक्षकांच्या शिबिरात एका डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी आकृतीसकट वहीत उतरवून घेतलं होतं. हगवणीत आतड्याच्या पेशी एकट्या मिठाला नीट आत घेत नाहीत. साखर सोबत असली की दोघं जोडीनं पडदा ओलांडतात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पण चौथी शिकलेल्या देवकीला पेशी आणि पडदा कुठून सांगत बसायचं? एसटी चुकली असती.

"अगं, चवीसाठी. म्हणजे पोर पिते," असं म्हणून त्यांनी कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या परतल्या, तर कुंदा ओसरीवर पडलेली. डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. रडायला तोंड उघडायची, पण डोळ्यात पाणी नव्हतं.

"पाजलं नाहीस का गं?"

"पाजूनच राहिली ना, बाई! पाच गडवे झाले. जेवढं पाजते तेवढं निघून जाते."

सुमतीबाईंनी गडव्यात बोट बुडवून जिभेला लावलं. नुसतं मीठ.

"साखर?"

"सुतक हाय ना. तेरवीपर्यंत आमच्या घरी गोड चालत नाही. आत्याबाईनं डबाच माळ्यावर ठेवला." सासूनं केलं त्यात देवकीला काही वावगं वाटत नव्हतं. "अन् तुमीच तं म्हणल्या होत्या, साखर चवीपुरती. मी म्हटलं, चव नसली तं नसली. नाक दाबून पाजलं."

बाईंनी रिक्षा आणवली आणि पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर अर्धा तास हातापायांवर शीर शोधत राहिले. सलाईन लागलं, पण खूप उशिरा. दिवेलागणीला कुंदा गेली. "दोन दिवस आधी आणायचं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस सुमतीबाईंनी तोंड शिवून घेतलं. सांगायचं, असं रोज सकाळी ठरवायच्या आणि रोज संध्याकाळी स्वतःलाच समजवायच्या की पोर काही परत येणार नाही, मग त्या बाईच्या जिवाला आणखी घोर कशाला? यात दया किती आणि भीती किती, हे त्या पुरतं जाणून होत्या. स्वतःची त्यांना किळस येत होती.

मग एका सकाळी देवकीच आली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात थोडा जीव होता.

"बाई, समोरच्या इंदुताईच्या पोराले रात्रीपासून हगवण लागली हाय. मी जाऊन सांगून आली तिले, मिठाचं पाणी पाज. डॉक्टर म्हणे आमच्याइथं उशीर झाला, तू आत्तापासूनच पाज म्हटलं. राशनची साखर संपली म्हणे तिची. मी म्हटलं, नसली तरी चालते."

आता गप्प बसायची सोय उरली नव्हती.

"नाही चालत," सुमतीबाई म्हणाल्या. "साखरेशिवाय मीठ नीट अंगात जात नाही गं. पाणीही जात नाही. दोन्ही मिळूनच जातं. मी तुला खोटं सांगितलं, देवकी. घाई होती म्हणून. तू मला काय वाटेल ते बोल."

देवकी स्वतःच्या हातांकडे पाहत उभी होती. पोर दैवानं नेलं, एवढा तरी आधार तिला आजवर होता. तो आपण आत्ता काढून घेतला, हे सुमतीबाईंना दिसत होतं. ती ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर त्यांनी त्या पदरात घेतल्या असत्या.

देवकीनं तोंडावरून पदर फिरवला, घरात गेली आणि साखरेचा डबा घेऊन इंदुताईच्या दाराशी उभी राहिली. सुमतीबाईंना खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"इंदुताई, हे घे. मूठभर टाक. साखर नसली तं मीठ आत जात नाही, लेकरू सुकून जाते."

"हो का वं?" आतून इंदुताई म्हणाली. "मंग तुह्या पोरीले तू टाकली नव्हती काय?"

"नाही," देवकी म्हणाली. "म्या नाही टाकली."